तेहतीस इंचांचा तह
डोंबिवलीतल्या तीस वर्षे जुन्या इमारतीत आम्ही घर घेतले, तेव्हा स्वयंपाकघरातला ओटा पाहून "एवढा तेवढा बदलून घेऊ" असे मीच म्हणालो होतो. ओटा कडप्प्याचा होता. आंध्रातल्या कडप्प्याचे नाव लावून आलेला हा काळा दगड मुळात चुनखडीचा. त्यामुळे आधीच्या कुटुंबाने पिळलेल्या प्रत्येक लिंबाची नोंद त्याने इमानेइतबारे जपली होती. त्या जागी ग्रॅनाइट बसवायचा, इतकाच माझा बेत होता.

ओट्याला उंची असते आणि ती कोणाच्या तरी उंचीवरून ठरवावी लागते, हे "किती ठेवायची, साहेब?" असे मिस्त्रींनी विचारेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. उभे राहून कोपर वाकवावे आणि त्याच्या खाली चार ते सहा इंच सोडून ओटा बांधावा, असा साधा ठोकताळा आहे. आई चार फूट दहा इंच. तिच्या कोपराने 31 इंच सांगितले. सौ. पाच फूट सहा इंच. तिच्या कोपराने 36 सांगितले. दोन कोपरांत पाच इंचांचे अंतर पडले, आणि ते केवळ कोपरांचे आहे असे मानण्याइतका मी संसारात नवखा नव्हतो. "माझं काय, आज आहे उद्या नाही, तुम्हाला हवा तसा करा," असे आई म्हणाली. "आईंना सोयीचा होऊ दे, मी वाकेन," असे सौ. म्हणाली. भांडण असते तर मिटवता आले असते. दोन्ही बाजूंनी त्यागच सुरू झाल्यावर मध्यस्थाने करायचे काय?

निर्णय शेवटी लोकलमध्ये झाला. ठाणे सुटल्यावर मिस्त्रींचा फोन आला, की माल कालवून तयार आहे, आत्ताच आकडा सांगा. मी गर्दीतून "तेहतीस!" असे ओरडलो. त्यावर शेजारच्या गृहस्थांनी, आमचा ओटा चौतिसाचा आहे पण हिची पाठ दुखते, असे सांगितले. दाराशी लटकलेल्या एका तरुणाने बत्तीस सुचवले. आणि खिडकीजवळच्या आजोबांनी, पूर्वी बायका बसूनच स्वयंपाक करीत, हा प्रश्नच नव्हता, असा निकाल देऊन डोळे मिटले.

तेहतीस इंचांवर ओटा झाला. मग फरशी आली. जुनी फरशी फोडली असती तर राबिटाच्या गोणी लिफ्ट न वापरता चार मजले खाली न्याव्या लागल्या असत्या, असा सोसायटीचा नियम होता. म्हणून जुनीवरच नवी बसवावी असे ठरले. खालचा माल दीड इंच आणि टाइल अर्धा इंच, असे स्वयंपाकघर दोन इंच वर उचलले गेले. बाल्कनीचे दार उघडेना, ते खालून कापावे लागले. दिवाणखान्यातून आत जाताना प्रत्येक जण ठेचकाळू लागला. सुताराने मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा, म्हणून आणलेल्या प्लायवर 710 ऐवजी साध्या प्लायचा 303 चा शिक्का निघाला, पण त्या दु:खाची वाच्यता इथे करीत नाही, कारण माझे सगळे लक्ष टेपकडे होते. तेहतिसातून दोन गेले आणि ओटा बरोबर 31 इंच उरला.

मिस्त्रींना बोलावले. त्यांनी शांतपणे टेप गुंडाळला आणि म्हणाले, "साहेब, आपण तेहतीसच दिले होते. फरशी वर आली, त्याला आपण काय करणार?" आई काही बोलली नाही, फक्त नव्या ओट्यावरून दोनदा हात फिरवून तिने चहाचे आधण ठेवले.

सौ.ने मार्ग काढला. सिंकसाठी कापून काढलेला ग्रॅनाइटचा तुकडा तिने टाकू दिला नव्हता. उरलेल्या प्लायच्या पट्ट्या एकावर एक रचून त्यावर तो तुकडा आणि त्यावर पोळपाट ठेवला, की तिची उंची जमते. तुकडा सुमारे तेरा किलोंचा आहे. सकाळी पोळ्यांच्या आधी तो ओट्यावर चढवणे आणि आई भाजीला उभी राहण्यापूर्वी उतरवून बाल्कनीत ठेवणे, हे काम माझ्याकडे आले आहे. मी तो छातीशी धरून दोन इंचांच्या त्या पायरीवरून जपून पाय टाकत असतो, तेव्हा आई म्हणते, "हळू रे, ओट्याला चरा पडेल."