नुसती कॉपी नाहीये ती
लेख मस्तच, पण इटलीतल्या पोसान्यो गावच्या चर्चला सरळ रोमच्या प्राचीन मंदिराची, म्हणजे 'पँथिऑनची कॉपी' म्हणून मोकळं होणं काय पटलं नाही बुवा. घुमट रोमचा, कबूल, पण पुढचे डोरिक, म्हणजे प्राचीन ग्रीक धाटणीचे खांब बघा ना, आठ-आठच्या दोन रांगा, तो सगळा थाट अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचा आणि आत वेदीमागे अर्धगोल कोनाडा ख्रिस्ती पद्धतीचा. शिल्पकार कानोव्हाने जन्मगावासाठी बऱ्यापैकी स्वतःच्या खिशातून बांधायला घेतलं, १८१९ ला पायाभरणी, १८२२ ला तो गेलाच, मग सावत्र भावाने काम तडीस नेलं, तोवर १८३० उजाडलं. वेदीवरचं पेंटिंगही कानोव्हाचंच, ते लेखात कसं सुटलं? एवढुशा गावात एवढं अवाढव्य प्रकरण जरा अंगावर येतं हे मात्र खरं.