पुण्यात बर्फ पडत नाही, मामा

ओतूरच्या मामांचा रात्री साडेनऊला फोन. "तू सहा वर्षं अमेरिकेत होतास ना रे? मग सांग, एका सापळ्याला मीठ किती लागतं?"

मला आधी काही कळेचना. मग त्यांनी तो मेसेज पाठवला, आणि पुढच्या दोन दिवसांत तोच मेसेज आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि शाळेच्या ग्रुपवरही येऊन धडकला. डोक्यावर दुहेरी बाण, म्हणजे गावभर फिरून आलेला. हात जोडलेले इमोजी वगळले तर मजकूर असा : यंदा पुणे जिल्ह्यात गोठवणारी थंडी आहे. अमेरिकेतले शेतकरी बर्फातही पाय पकडणारे लोखंडी सापळे चालू ठेवतात. सापळ्यावर मीठ टाका, जळकं ऑइल चोपडा, तरी गोठला तर उकळतं पाणी ओता. थंडीत जनावर टिकतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा बघितलं तरी पुरे. रानडुक्कर, कोल्हा, बिबट्या, सगळ्यांवर हा एकच उपाय. जगभर वापरतात, आणि रानडुकराला तर कायदाच लागू नाही.

मामांची टिंगल करायला मी हे लिहीत नाही. त्यांच्या गोठ्यातून गेल्या पावसाळ्यात दोन करडं गेली. २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास शिरूरच्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली, आणि त्यानंतर तिथले लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होते, ते सगळ्यांनी पाहिलंय. अशा वेळी माणूस कुठल्याही मेसेजला हात घालतो. म्हणूनच मेसेज लिहिणाऱ्याचा जास्त राग येतो.

तर पहिलं, ती गोठवणारी थंडी. पुण्यात आजवर नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान १.७ अंश सेल्सिअस आहे, १७ जानेवारी १९३५ चं. म्हणजे विक्रमी रात्रीसुद्धा पारा शून्याच्या वरच होता. एरवी डिसेंबर-जानेवारीत तो सात-आठवर आला की आपण शेकोटीचे फोटो टाकायला लागतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर कधीकधी दव गोठतं, आणि त्याची पेपरात बातमी होते, यातच काय ते आलं. जुन्नर-आंबेगावला शहरापेक्षा गारठा जास्त, कबूल. पण तिथली माती काही गोठत नाही. शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या इमारतीला आपण अजून 'सिमला ऑफिस' म्हणतो, कारण १९२८ मध्ये ते कार्यालय सिमल्याहून इथे आलं. सिमल्याचा बर्फ काही बरोबर आला नाही. जे गोठतच नाही, ते गोठू नये म्हणून मीठ कशाला?

आता मीठच घेऊ. मेसेजमध्ये खरेपणा आहे तो एवढ्याच जागी, आणि तोही अर्धवट.

मिनेसोटात आमच्या शेजारी एक निवृत्त आजोबा राहायचे. लहानपणापासून सापळे लावणारे, रीतसर परवाना असलेले. मी स्वतः कधी सापळा लावला नाही. पण थंडीत घरात बसून कंटाळलेला माणूस काहीही बघायला जातो, तसा मी दोनदा त्यांच्या बादल्या उचलायला गेलो. त्यांचं गॅरेज उघडलं की भिंतीला सापळे टांगलेले आणि खाली रांगेने झाकणाच्या बादल्या. मला वाटलं, मीठ असेल. निघाली माती. ऑगस्टमध्ये ताडपत्रीवर उन्हात वाळवलेली, चाळणीतून चाळलेली, पिठासारखी मऊ कोरडी माती. "पाणीच नसेल तर गोठणार काय?" असं त्यांचं साधं गणित.

सापळा गोठतो म्हणजे नेमकं काय होतं, तेही त्यांनी दाखवलं. सापळ्याच्या मधोमध एक छोटी थाळी असते. तिच्यावर पाय पडला की पट्टी सुटते आणि स्प्रिंगच्या जोराने दोन जबडे मिटतात. थाळीखालच्या मातीत ओल असली की तिचा दगड होतो, आणि थाळी खाली जायलाच जागा उरत नाही. कोयोटी, म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी, वरून निवांत चालत जातो. सगळ्यात वाईट दिवस कडाक्याच्या थंडीचे नसतात. दुपारी वितळतं आणि रात्री पुन्हा गोठतं, ते दिवस वाईट. त्यावर कोरडी माती लागते, किंवा मेणाची. माती गरम करून तिच्यात पॅराफिनचा चुरा मिसळला की कणाकणावर मेण बसतं आणि पाणी आत शिरत नाही. जमीन टणक झाल्यावर सापळा बांधायची खुंटीही ठोकता येत नाही, म्हणून ती कामं आधीच उरकायची. गार वाऱ्यात उकिडवं बसून म्हातारा माणूस चाळणी हलवतोय, हे बघायला मला मजा वाटायची. त्यांना अर्थातच वाटत नसे.

मीठही तिकडे वापरतात, पण सांभाळून. साधं मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली ओढतो. रस्त्यावर टाकलेलं मीठ उणे दहाच्या आसपास मंदावतं, आणि मिनेसोटात उणे पंचवीसच्या रात्रीही येतात. कॅल्शियम क्लोराइड हे दुसऱ्या जातीचं मीठ त्याहून खाली चालतं, पण ते हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणजे आपल्याकडच्या दवात ते टाकलं की कोरडा राहिला असता तो खड्डा आपण हाताने चिखल करून ठेवणार. शिवाय खारट पाण्यात लोखंड गंजतं, थाळीची खीळ आखडते, आणि हरणं-बिरणं मीठ चाटायला येतात ती वेगळीच. आजोबा म्हणायचे की मीठ टाकणारा माणूस आळशी असतो. जरा कडक मत आहे, पण त्यांच्या बादल्या बघितल्यावर पटतं.

आणि शेतकऱ्याला शेतात मीठ टाकायला सांगणं! नीरा कालव्याखालच्या गावांत जाऊन कुणी हे बोलून दाखवावं. तिथे क्षार वर येऊन जमिनी क्षारपड झाल्या, आणि त्या सुधारता सुधारता शेतकऱ्यांच्या पिढ्या गेल्या. इथे हा गडी बांधावर मुठीने मीठ पेरायला सांगतोय.

जळक्या ऑइलबद्दल फार बोलत नाही. थंडीत ते घट्ट होतं, म्हणजे पहिला हेतूच फसला. दुसरं, वासाने कोयोटी किंवा कोल्हा दहा पावलं आधीच वळतो. तिकडचे लोक नवा सापळा आणला की आधी उकळून कारखान्याचं तेल काढून टाकतात, मग मेणात बुडवतात. मेसेज नेमका उलटा.

उकळत्या पाण्याने सापळा पाच मिनिटं मोकळा होतो. त्यानंतर तेच पाणी गोठतं आणि मघापेक्षा जाड बर्फ बसतो. विषय संपला.

'आठवड्यातून एकदा बघा' हे वाक्य मात्र मला सहज सोडता येत नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत असे सापळे चोवीस तासांत एकदा तरी तपासलेच पाहिजेत, असा नियम आहे. अडकलेला पाय सुजतो, रक्त पोहोचत नाही, थंडीत पंजा मरतो. जनावर स्वतःचाच पाय चावतं. 'टिकतं' हा शब्द लिहिणाऱ्याने फ्रिजमधल्या मटणाबद्दल वापरावा.

आणि आपल्या बांधावर आठवडाभरात कोण कोण पाय टाकतं? हा हंगाम ऊसतोडीचा. पहाटे चारला कोयते घेऊन निघालेल्या बाया, त्यांच्या मागे झोपेत चालणारी पोरं, उसाच्या फडालगतच्या पालांतून. पंपाची वीज रात्रीची, म्हणून एक हातात बॅटरी आणि एक हातात काठी घेऊन बारं द्यायला जाणारा माणूस, जो मामा स्वतःच आहेत. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन उतरलेले धनगर, त्यांची कुत्री. त्या लोखंडी थाळीला यातलं कोण कोण हे कळत नाही. तिला वजन कळतं.

बरं, 'सगळ्यांवर एकच उपाय'. कोयोटीसाठीचा सापळा साधारण ताटलीएवढा. पन्नास-साठ किलोचा बिबट्या त्यात अडकला तर एक तर पंजा फाडून निघेल, नाही तर खुंटीसकट उसात जाईल. मग तुमच्या उसात जखमी बिबट्या. तोडायला कोण शिरणार? ज्याची बोटं किंवा सुळे गेले त्याला पुन्हा जंगलात सोडता येत नाही, तो उरलेलं आयुष्य माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रासारख्या ठिकाणी पिंजऱ्यात काढतो. वनखातं बिबट्यासाठी बकरी बांधलेला मोठा पिंजरा लावतं, पायाचा सापळा लावत नाही, ते काही उगाच नाही. दातेरी लोखंडी सापळे आपल्या राज्यात कुणी वापरले असतील तर वाघाच्या शिकाऱ्यांनी. २०१२ मध्ये ताडोबालगत अशाच सापळ्यात वाघ मेला होता. त्यांचं हत्यार आपण गोठ्यापाशी ठेवायचं?

'जगभर वापरतात' हेही आता जुनं झालं. इंग्लंडने जुना जबड्याचा सापळा १९५८ पासून बंद केला, युरोपीय संघाने १९९५ पासून. खुद्द अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये लोकांनी मतदान करून त्यावर निर्बंध आणले. कोलोरॅडोने तर १९९६ मध्येच, आणि तिथे बर्फ कमी पडत नाही.

कायद्याचं बोलायचं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच सापळा लावणं, फासात पकडणं आणि तसा नुसता प्रयत्न करणंही येतं. म्हणजे काहीच सापडलं नाही तरी सापळा लावणारा सापडतो. बिबट्या आणि लांडगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, तिथे शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षं. रानडुक्कर १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या याद्यांत दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायदा लागू आहेच. नुकसान करणारं डुक्कर वनखात्याच्या परवानगीने मारण्याची तरतूद आहे. ती परवानगी मिळवताना किती चपला झिजतात यावर शेतकऱ्यांची तक्रार रास्तच आहे, त्यावर कुणी मेसेज लिहिला तर मी स्वतः पुढे पाठवीन. पण डुकरासाठी लावला होता आणि बिबट्या अडकला, हे कोर्टात सांगून सुटका होत नाही.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं, इतकं लांबण न लावता. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मग करू काय?" मी गोठ्याला वरून-खालून जाळी मारायचं म्हटलं, करडं रात्री आत घ्यायची, आणि बिबट्या दिसला तर वनखात्याचा १९२६ नंबर. जाळी महाग पडते, असं ते म्हणाले. पडते. अर्धे पैसे मी पाठवतो म्हटलं, तेव्हा मोजमाप घ्यायला तयार झाले.

फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाले, "अरे, पण मी जाडं मीठ गोणीभर आणून बसलोय."

मागून मामींचा आवाज आला, "कैऱ्या येऊ देत, लागेल."