तुमची तक्रार, तुमची नवी गाडी आणि माझं चुकलेलं बोलणं

नमस्कार.

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. आज सकाळी गॅरेजमध्ये तुमचं जॉब कार्ड, म्हणजे तुमच्या गाडीच्या कामाची नोंद, समोर ठेवून पुन्हा वाचला. तुमच्या मुख्य तक्रारी चार आहेत. पाच दिवसांत देतो म्हणून दुरुस्तीला घेतलेली गाडी नऊ दिवसांनी दिली. आधी सांगितलेल्या आकड्यापेक्षा बिल जवळजवळ दीडपट झालं. मागचं दार उन्हात पुढच्या दारापेक्षा वेगळं दिसतं. आणि तुम्ही काउंटरवर 'हे सगळं आत्ताच करायला हवं का?' असं विचारलंत तेव्हा मालक म्हणाला, 'गाडी घ्यायला पैसे असतात, दुरुस्तीलाच नसतात.'

तो मालक मीच. ते वाक्य माझंच आहे, आणि तुम्ही ते जसंच्या तसं लिहिलं आहे. त्या दिवशी कामाचा ताण होता वगैरे सांगून मी ते सौम्य करणार नाही. गाडी घेतली तेव्हा घरात दोन पगार होते, ती तीन आठवड्यांची होईतो एक राहिला आणि त्याचाही भरवसा नाही, हे तुम्ही मला आधीच सांगितलं होतं. माहीत असूनही मी तसं बोललो. मला माफ करा. तुमच्यासोबत आलेल्या तुमच्या वडिलांचीही मी माफी मागतो, कारण ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले होते आणि मी दुसऱ्या गाडीकडे निघून गेलो.

तुमचा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर देणं हे माझं काम होतं, आणि ते उत्तर 'नाही, सगळं आत्ताच करायला नको' असं होतं. मी तुम्हाला एकच एकूण आकडा दिला. तीन वेगवेगळ्या जखमांचं एकच बिल केलं, की माणसाला एक तर सगळं करावं लागतं किंवा काहीच नाही. तेव्हा जे सांगायला हवं होतं ते आता सांगतो. तुमच्यासारख्या अडचणीत असलेलं दुसरं कुणी वाचत असेल तर त्यांनाही उपयोगी पडेल.

पार्किंगच्या खांबाला गाडी घासली तेव्हा तीन जागी नुकसान झालं. मागच्या डाव्या दारावर खालच्या बाजूला पोचा आणि त्यात दोन खोल ओरखडे, चाकावरच्या पॅनेलवर पसरट पांढरट खुणा, आणि बंपरच्या कोपऱ्याचा रंग उडून खालचं काळं प्लास्टिक दिसत होतं. पाहणाऱ्याला बंपर सगळ्यात वाईट दिसतो. घाईचं काम मात्र दाराचं होतं.

कारण असं की कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. माणसाच्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरला, तर दोन केसांएवढीच. त्यात सगळ्यात खाली पत्र्याला गंजापासून वाचवणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. ओरखडा क्लिअर कोटमध्येच थांबला असेल तर तो फक्त डोळ्यांना खुपतो. नख फिरवल्यावर अडकत असेल तर तो बहुधा खाली उतरलेला असतो. आणि तळाशी चमकता धातू दिसत असेल तर पाणी थेट पत्र्यापर्यंत पोचतं. बहुतेक नव्या गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, तो स्वतः झिजून लोखंडाला काही काळ वाचवतो. पण तोही खरवडला गेला की गंज रंगाखालून बाजूला सरकत जातो. मग आज दोन रेघांचं असलेलं काम उद्या अर्ध्या दाराचं होतं.

तुमच्या दारावर पत्रा उघडा पडला होता. तरीसुद्धा पूर्ण दार लगेच रंगवणं हा एकच मार्ग नव्हता. ओरखडे स्वच्छ करून, प्रायमर भरून, गाडीच्या रंगाचं टच-अप लावून आम्ही तुम्हाला तासाभरात मोकळं करू शकलो असतो. ते सुंदर दिसलं नसतं, जवळून पाहिलं तर डाग दिसला असता. पण पत्रा झाकला गेला असता आणि मोठं काम नोकरीचं चित्र स्पष्ट होईपर्यंत थांबवता आलं असतं. पोच्याला मागून ढकलून, रंग न लावता सरळ करण्याची पद्धत आहे, ती स्वस्तही पडते, पण रंगाला तडा गेलेला नसेल तरच. तुमच्या दारावर पोच्याच्या कडेलाच तडा होता, त्यामुळे ती इथे चालली नसती. हे तपासलं होतं, तुम्हाला सांगितलं मात्र नाही.

चाकावरच्या पॅनेलवरच्या खुणा बफिंगनं, म्हणजे यंत्रानं घासून चमकवल्यावर, गेल्या, त्याबद्दल तुमची तक्रार नाही. एकच सांगतो, त्यावर घरी रबिंग कंपाउंड घासू नका. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो आणि उन्हाचा मारा तोच झेलतो. प्रत्येक घासणीत त्यातला थोडा कायमचा जातो.

आता बंपर. प्लास्टिक गंजत नाही. बंपर घट्ट बसलेला असेल, कुठे लोंबत नसेल, दिवे ठीक असतील, तर उडालेला रंग वर्षभर तसाच ठेवला तरी गाडीचं काही बिघडत नाही. वाईट दिसतं, नव्या गाडीवर तर जास्तच, आणि रोज खाली उतरलं की तेच आधी दिसतं हे मला कळतं. पण पैशांची ओढाताण असताना पुढे ढकलायचं पहिलं काम हेच. मी ते तुमच्या एस्टिमेटमध्ये न विचारता धरलं.

बिल वाढलं तेही बंपरमुळेच. बंपर उतरवल्यावर आत, मागून येणाऱ्या गाडीची सूचना देणाऱ्या सेन्सरचा ब्रॅकेट, म्हणजे त्याला धरून ठेवणारा भाग, वाकलेला निघाला. बाहेरून तो दिसत नव्हता, म्हणून पहिल्या आकड्यात नव्हता. ते काम टाळण्यासारखं नव्हतं, यावर मी ठाम आहे. सेन्सरची दिशा एका अंशानं जरी फिरली तरी ३० मीटरवर अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडतो, आणि चालकाला वाटत राहतं की यंत्रणा आपल्यासाठी बघते आहे. चुकीचं बघणारा सेन्सर बंद सेन्सरपेक्षा धोक्याचा. म्हणून ब्रॅकेट बदलला आणि सेन्सरची दिशा पुन्हा जुळवली. त्याच कारणानं त्या कोपऱ्यात लांबीही, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली नाही. सेन्सरसमोर लांबीचा किंवा रंगाचा जाड थर आला तर त्याच्या लहरींना अडथळा होतो.

पण तुमची तक्रार काम का केलं ही नाही, न विचारता का केलं ही आहे. आमच्या गॅरेजमधल्या मुलानं फोन केला तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये होता आणि 'बघा काय ते' म्हणून फोन ठेवलात. आम्ही तो होकार धरला. तो होकार नव्हता. नोकरीची टांगती तलवार डोक्यावर असलेला माणूस मीटिंगमध्ये बसून काय बोलणार? आकडा आणि वाकलेल्या भागाचा फोटो पाठवून, तुमचं लेखी उत्तर येईपर्यंत आम्ही थांबायला हवं होतं.

विम्याबद्दल 'क्लेम करू नका असं सांगून स्वतःचं बिल काढलं' असंही तुम्ही लिहिलं आहे. मी 'करू नका' म्हणालो नव्हतो, 'परवडणार नाही' म्हणालो होतो. पण कारण दिलं नाही, म्हणून ते तसंच ऐकू येणार. हिशेब असा असतो. क्लेम केला तरी काही ठरावीक रक्कम स्वतःच्या खिशातून जाते. प्लास्टिकच्या भागांची किंमत पॉलिसीनुसार पूर्ण मिळते किंवा कापून मिळते. शिवाय क्लेम न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यात मिळणारी सवलत जाते, आणि ती वर्षागणिक वाढणारी असेल तर पुढची काही वर्षं तो फटका बसतो. या तिन्हींची बेरीज दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्त असेल तर क्लेम तोट्याचा. पहिल्या आकड्यावर माझा अंदाज बरोबर होता. ब्रॅकेट निघाल्यावर बिल वाढलं, तेव्हा तोच हिशेब पुन्हा मांडायला हवा होता. कदाचित तेव्हा क्लेमच फायद्याचा ठरला असता. काम सुरू झाल्यावर आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं गाडी पाहिलेली नसताना तो मार्ग जवळपास बंद झाला. ही माझी चूक आहे, आणि पैशाच्या दृष्टीनं हीच सगळ्यात मोठी.

तुम्ही शेवटी लिहिलं आहे की आता सगळा विमाच कमी करून टाकावासा वाटतो. कृपया घाईनं तसं करू नका. गाडीवर कर्ज आहे, आणि कर्जाच्या करारात पूर्ण विमा चालू ठेवण्याची अट बहुधा असतेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उत्पन्न डळमळीत असताना गाडी पूर्ण निकामी झाली तर कर्ज उरतं आणि गाडी उरत नाही. ओरखड्याचा खर्च पुढे ढकलता येतो, तो नाही.

रंगाबद्दल. तुमच्या गाडीचा रंग मेटॅलिक आहे. त्यात धातूचे बारीक कण असतात आणि ते पत्र्यावर कसे पडतात त्यावर छटा ठरते. हवेचा दाब, फवारणीचं अंतर, थर किती ओला, सगळ्यानं फरक पडतो. कारखान्यात नुसतं धड असतं, म्हणून वरचा रंग १४० अंशांच्या आसपास भाजता येतो. आमच्याकडे पूर्ण गाडी, वायरी आणि प्लास्टिक धरून रंगकामाच्या बंद खोलीत, बूथमध्ये असते, म्हणून साधारण ६० अंशांवर थांबावं लागतं आणि उरलेलं काम रंगात मिसळलेला, तो कडक करणारा हार्डनर करतो. रंगाचा नंबर तोच असूनही छटा हलते ती यामुळे. यावर उपाय आहे: शेजारच्या पॅनेलवर रंग हळूहळू विरवत नेणं, म्हणजे ब्लेंडिंग. मग नजरेला कुठे सुरुवात आणि कुठे शेवट ते सापडत नाही. पहिल्या वेळी छटा जमली नाही म्हणून आम्ही दार दुसऱ्यांदा रंगवलं, उशिराचे दोन दिवस त्यात गेले आणि दोन ब्रॅकेट यायला. दुसऱ्यांदा बूथच्या दिव्याखाली ते जुळलं, आणि मी पुढच्या दारावर ब्लेंडिंग न करता गाडी सोडली. बाहेर उन्हात नेऊन पाहिली नाही. तुम्हाला दिसलेला फरक खरा असणार.

आता मी काय करणार ते. पुढच्या दारावर ब्लेंडिंग करून देतो, त्याचे पैसे नाहीत. पुढच्या दाराला धक्का लागलेला नसताना त्यावर काम कशाला असं वाटलं तर तेही योग्य आहे. तसं असेल तर मागच्याच दाराची छटा तिसऱ्यांदा जुळवू, पण खरं सांगतो, ब्लेंडिंगइतकी ती बसणार नाही. बंपरच्या रंगकामाची आणि ब्रॅकेट बसवण्याची मजुरी परत करतो, कारण पहिलं काम थांबू शकलं असतं आणि दुसऱ्याला तुमचा होकार नव्हता. ब्रॅकेटची किंमत आणि सेन्सर जुळवण्याचा खर्च मात्र बिलात राहील. उरलेल्या रकमेतलं जे अजून द्यायचं आहे, त्यासाठी तारीख तुम्ही सांगा. नोकरीचं नक्की होईपर्यंत आमच्याकडून फोन येणार नाही.

या आठवड्यापासून आमच्या एस्टिमेटवर प्रत्येक कामापुढे एक रकाना असेल: लगेच, काही महिन्यांत, किंवा फक्त दिसण्यासाठी. तुमच्या प्रश्नावरूनच तो आला. वाढीव काम लेखी होकाराशिवाय सुरू होणार नाही, हेही कामगारांना सांगून झालं आहे.

गाडी शक्यतो सकाळी आणा, म्हणजे उजेडात दोन्ही दारं आपण शेजारी उभं राहून बघू. तोपर्यंत नव्या रंगावर मेण किंवा पॉलिश लावू नका, काही आठवडे साध्या पाण्यानंच धुवा. तुमचा जुना ब्रॅकेट मी टाकलेला नाही, तो आणि दोन्ही वेळच्या रंगाच्या नमुना-पट्ट्या काउंटरच्या खणात तुमच्या जॉब कार्डाबरोबर ठेवल्या आहेत. वडिलांना सोबत आणलंत तर बरं होईल.