सामील होणाऱ्यांनो, आधी कोठा मोजून घ्या

तुमचं गाव नगरपंचायतीत जाणार असेल, प्रदेश राज्यात जाणार असेल किंवा देश युरोपीय महासंघात, तर आधी अभिनंदन! अनुभवी माणूस म्हणून चार गोष्टी सांगतो. अनुभव ताजा आहे, मागच्या मंगळवारचा.

मुहूर्त १ मे चा धरा. १९६० मध्ये त्या दिवशी महाराष्ट्र झाला, २००४ मध्ये त्याच दिवशी पोलंडसह १० देश महासंघात गेले. झेंडे दोन्हीकडे लागले.

अटी लेखी घ्या, म्हणजे पुढे जपून ठेवायला काहीतरी राहतं. राज्यं नव्यानं आखणारा फाजल अली आयोग १९५५ मध्ये वेगळा विदर्भ करा म्हणत होता, पण आम्हा विदर्भवाल्यांजवळ १९५३ चा नागपूर करार होता ना! लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्या, आणि वर्षाला एक अधिवेशन नागपुरात. अधिवेशन होतं, थंडी पाहून होतं. विकासाचा अनुशेष पाहायला वैधानिक विकास मंडळ मिळालं ते १९९४ मध्ये, आणि त्याची मुदत संपली ३० एप्रिल २०२० ला. महाराष्ट्र दिनाच्या आदल्या दिवशी! मुहूर्त पाळावा तर असा.

धरणाचा नारळ फुटला म्हणून धानाचं बियाणं घेऊन ठेवू नका. आमच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची आहे.

सरासरीला मात्र जपा. महासंघात ज्या प्रदेशाचं दरडोई उत्पादन सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली, त्याला विकासनिधीचा मोठा वाटा. २००४ मध्ये गरीब देश आले, सरासरीच खाली आली, आणि जुन्यांतले काही गरीब प्रदेश एक दमडी न कमावता रेषेच्या वर गेले. कागदावर श्रीमंत. पण तिथल्यांनी निदान ते कबूल केलं आणि त्यांची मदत एका झटक्यात न तोडता हळूहळू कमी केली.

आमच्याकडे हळूहळू वगैरे भानगड नाही. रात्री गाव, सकाळी शहर. नाली तीच, विजेची डीपी तीच जळकी, घरटॅक्स तेवढा शहराचा. पावसात माझ्या बैलांच्या कोठ्याची भिंत पडली. ती उभी करायला परवानगी लागते म्हणे, म्हणून गेलो. पोरगेल्या बाबूनं विकास आराखड्याचा नकाशा उलगडला. ‘‘काकाजी, तुमचा कोठा तर रोडात आहे.’’

‘‘कोणत्या रोडात जी?’’

‘‘१८ मीटरच्या.’’

‘‘अरे, तिथून बंडी जात नाही!’’

‘‘आता नाही जात. आराखड्यात जाते. हरकत काहून नाही घेतली? ३० दिवस होते.’’

होते ना. ऐन कापूस वेचणीत होते, आणि नोटीस अशा फळ्यावर, जिथं आम्ही चपला काढतो. मी नकाशात बोट फिरवत गेलो. १८ मीटरचा तो रस्ता माझ्या कोठ्यातून निघतो, शेजाऱ्याची विहीर ओलांडतो आणि नाल्यात जाऊन संपतो. पलीकडे कोणाचं तरी वावर. पूल नाही, गाव नाही, काही नाही. दिवसातून दोनदा एसटी येते, त्यातली एक बंद पडते, आणि आम्हाला १८ मीटर! पट्टी ठेवून रेघ ओढताना इथं जनावरं बांधतात, माणसं राहतात, हे कोणी एकदा तरी येऊन पाहिलं?

नाही पाहिलं. आणि आता उपरोध पुरे झाला. पगार घेता ना? मग नकाशावर सही करण्याआधी जागेवर यायची लाज कसली वाटते? प्यारिसहून नाही यायचं, तालुक्याहून यायचं आहे. आणि आपणही काही कमी नाही. नगरपंचायत झाली त्या रात्री फटाके कोणी फोडले? मीच फोडले. आराखडा काय, हद्द काय, एका शब्दानं विचारलं नाही. शहर झालो म्हणून नाचलो, मूर्खासारखे.

बैल सध्या निंबाखाली बांधले आहेत. साहेब, या एकदा. जीप नाल्यापर्यंत येते, पुढे पायी या.