आधी पोराच्या हातातली पेन्सिल सोडा

सांगली म्हणा, सातारा म्हणा, संध्याकाळी घरोघरी हाच तमाशा. पोरगं गणिताची वही घेऊन येतं, घरातलं मोठं माणूस उदाहरणावर एक नजर टाकतं आणि खेकसतं, "अरे, वजाबाकी कर की!" झाली मदत. विचार करायचा भाग तुम्हीच उरकलात, पोराच्या वाट्याला राहिली नुसती आकडेमोडीची हमाली.

त्याहून डोकं फिरतं ते "शब्द बघ आणि क्रिया ओळख" या शिकवणीने. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, 'जास्त' दिसलं की परत बेरीज. मग हे घाला पोराला: "महेशकडे हळदीची ४५ पोती आहेत. ती गणेशच्या पोत्यांपेक्षा १२ ने जास्त आहेत. तर गणेशकडे किती?" पोरं धडाधड ५७ लिहून मोकळी होतात. उत्तर आहे ३३. गणेशकडे कमी पोती आहेत हे वाक्यातच सांगितलंय, पण वाक्य वाचायचं असतं हे शिकवलंय कुणी? अशा वेळी आकडे बोटाने झाकायला लावा. खरंच झाका. आणि विचारा, "जास्त कुणाकडं, कमी कुणाकडं?" हे नीट सांगता आलं की मगच बोट काढायचं.

आता खांबांचं उदाहरण घ्या. ६० मीटर लांब ओळ, दर ५ मीटरला एक खांब, दोन्ही टोकांनाही खांब. एकूण खांब किती? ६० भागिले ५, उत्तर १२, वही बंद! अहो, १२ ही खांबांमधली अंतरं झाली, खांब १३ लागतात. तासगावकडचं पोरगं द्राक्षबागेतल्या ओळींमधून खेळत मोठं होतं, तरी वहीत १२ लिहितं, कारण 'आधी चित्र काढ' असं त्याला कुणी म्हणतच नाही. ६० च्या जागी १५ मीटर घ्या, एक रेघ ओढा, ०, ५, १०, १५ वर खुणा करा. अंतरं तीन, खांब चार. एवढं दिसल्यावर ६० मीटरला किती हे पोरगं आपणहून सांगतं. पण तेवढी दोन मिनिटं थांबायची कुणाची तयारी नाही.

आणि त्या ट्रिका! "१० ने गुणायचं म्हणजे पुढं शून्य लाव." तिसरीत टाळ्या मिळतात, पुढे दशांश अपूर्णांक आले की पोरगं २.५ × १० = २.५० लिहितं. "पलीकडं गेलं की चिन्ह बदलतं" हे तर घराघरांत पाठ. मग ३क्ष = १२ दिसलं की क्ष = १२ − ३ = ९. ३ ने क्षला गुणलंय, म्हणून दोन्ही बाजूंना ३ ने भागायचं, क्ष = ४. दोन्ही बाजूंना तीच क्रिया करायची, बास. लिहू द्या की ती एक जादा ओळ! कशाची घाई आहे एवढी?

वेळेच्या उदाहरणांत तर दरवर्षी तीच माती. एसटी सांगलीहून सकाळी ९:४५ ला सुटली, दुपारी १:२० ला पोचली. पोरगं १३.२० मधून ९.४५ वजा करतं आणि लिहितं ३ तास ७५ मिनिटं. उसना घेताना तासाची १०० मिनिटं धरली, असतात ६०. आणि मुळात उसना हवा कशाला? ९:४५ ते १० म्हणजे १५ मिनिटं, १० ते १ म्हणजे ३ तास, वर २० मिनिटं. ३ तास ३५ मिनिटं. तोंडी होतं.

ताळा करणं तर हद्दपारच झालंय. ६१२ ÷ ६ = १२ असं लिहून पोरगं पुढच्या उदाहरणावर जातं आणि मोठी माणसं बघत बसतात. १२ × ६ = ७२, कुठं ७२ आणि कुठं ६१२! ६०० मध्येच ६ शंभर वेळा जातो, मग उत्तर शंभराच्या आत येईलच कसं? १ खाली उतरवला, त्यात ६ जात नाही, तिथं भागाकारात ० मांडायचा राहिला. उत्तर १०२. हे कळायला ती मांडणी डोळ्यासमोर पाहिजे, आणि तुम्ही आधी काय करता? खोडरबर देता हातात! पान चकाचक, चूक कुठं झाली त्याचा मागमूस नाही, दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी तरी काय बघायचं? चुकलेल्या मांडणीवर एक आडवी रेघ मारू द्या, उदाहरण शेजारी परत सोडवू द्या, आणि तोवर तुमचा हात त्या वहीपासून लांब ठेवा.