पाळण्याखालची जागा

"हा थांबत नाही, आत्या. चालता चालताच चढायचं," असं सांगितल्यावर ती रांगेतून मागे वळायलाच निघाली. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, आणि समोर लंडन आय, थेम्स नदीकाठचा 135 मीटर उंच आकाशपाळणा. वेग मात्र सेकंदाला 26 सेंटीमीटर, म्हणजे मंडईत भाजी बघत आपण पुढे सरकतो त्याहूनही कमी. सांगितलं तर चढताना वेग कमी करतात. तिने सांगू दिलं नाही. उजवा पाय आधी टाकून, गृहप्रवेश करावा तशी आत गेली.

बसायच्या कॅप्सूल 32, पण शेवटचा नंबर 33, कारण अशुभ म्हणून 13 गाळलाय. हे कळल्यावर तिचा चेहरा उजळला. "म्हणजे हेही मानतात तर!" वर गेल्यावर थेम्सचं पाणी चहासारखं गढूळ दिसलं, तेव्हा तर तिला हायसंच वाटलं. मग प्रश्न आला, "आपल्याकडेही होणार आहे ना वांद्र्याला?"

आमच्या घरच्या ग्रुपवर हा वाद जुना आहे. जानेवारी 2020 मध्ये अजित पवारांनी वांद्रे रेक्लमेशनला 'मुंबई आय' जाहीर केला. पुढे महापालिकेच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात तो पुन्हा आला, खासगी भागीदारीतून करायचा म्हणून. एक काका लिहितात, आधी खड्डे बुजवा. दुसरे लंडनचं उदाहरण देऊन लिहितात, तुमचा सगळ्यालाच विरोध.

खड्ड्यांचा मुद्दा मला पटत नाही. खड्डे बुजेपर्यंत थांबायचं तर शहराने हौस म्हणून काही करायलाच नको. लंडननेही आधी सगळे प्रश्न सोडवले आणि मग पाळणा उभारला, असं झालेलं नाही. पण दुसरे काका लंडनचं उदाहरण देतात ते अर्धंच.

डेव्हिड मार्क्स आणि ज्युलिया बारफिल्ड या वास्तुरचनाकार नवराबायकोंनी 1993 मध्ये एका स्पर्धेसाठी या पाळण्याचं चित्र काढलं. स्पर्धेत कोणीच जिंकलं नाही, तरी दोघांनी पिच्छा सोडला नाही. 31 डिसेंबर 1999 ला पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि लोकांना आत बसायला मिळालं ते मार्च 2000 मध्ये, कारण यंत्रणेत दोष निघाला. (हे वाचून मुंबईकराला अगदी घरच्यासारखं वाटेल.) परवानगी होती फक्त पाच वर्षांची. ती वाढत गेली, आणि कायमची मिळाली 2024 मध्ये. तीही लँबेथ कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, अट घालून: उत्पन्नातला किमान एक टक्का आजूबाजूच्या परिसरासाठी द्यायचा. चोवीस वर्षं पाळणा पाहुणा म्हणूनच फिरत होता. आपल्याकडे एकदा नारळ फुटला की पाहुणा घरमालक होतो.

इथलं सगळं आदर्श आहे असं मी म्हणत नाही. शेजारचं काउंटी हॉल ही पूर्वी लंडनच्या निवडून आलेल्या कौन्सिलची इमारत. ती कौन्सिल 1986 मध्ये बरखास्त झाली, आणि आता तिथे हॉटेल आहे, मत्स्यालय आहे. नगरसेवकांच्या जागी मासे. तिकीटही परवडणारं नाही. पौंडाचे रुपये करायचे नाहीत, असा आत्याशी आधीच करार झाला होता.

पण तिकीट न काढणाऱ्यालाही नदी मिळते. पाळण्याच्या बुंध्याशी नदीकाठचा रस्ता आहे, मागे बाग आहे, आणि तिथून कोणी हटकत नाही. वांद्र्याच्या बाबतीत मला हेच विचारायचंय. चक्र किती उंच, यावर चर्चा खूप झाली. रेक्लमेशनच्या त्या तुकड्याभोवती कुंपण कुठपर्यंत असेल? करार किती वर्षांचा? पावसाळ्यात, वाऱ्यामुळे पाळणा बंद असेल तेव्हा काठ तरी उघडा राहील का? खारा वारा लोखंडाचं काय करतो ते मुंबईतल्या कुठल्याही खिडकीचे गज सांगतील, तेव्हा देखभालीचा खर्च कोण करणार हेही आत्ताच लिहून घ्यायला हवं.

पाळण्यात आम्ही अर्धा तास होतो. खाली उतरल्यावर बाकावर दीड तास बसलो. आत्याने पर्समधून चिवड्याची पुडी काढली, गुडघे चोळले, नदीतून जाणाऱ्या बोटी मोजल्या. मग मोबाइल काढून एका बोटाने ग्रुपवर टाइप केलं: "वांद्र्याच्या पाळण्याखाली फुकट बसायला बाक असणार का?"

दोन्ही काकांनी वाचलंय. उत्तर अजून नाही. एका चुलतभावाने तेवढं तिकीट कितीला पडलं ते विचारलंय.