रडगाणं म्हणालात म्हणून लिहिते

निपाणीचे वाचक, नमस्कार.

ब्रिटनमधल्या लीड्समध्ये संधिवात घेऊन काढलेल्या दिवसांवर मी लिहिलं. त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली: "तिकडं सगळं फुकट असतंय की, मग रडगाणं कशाला? माझा भाचा कार्डिफला आहे, त्याला औषधाला एक पैसा पडत नाही." शिवाय लेख फार लांबलाय, मी आता परदेशी झालेय आणि सीमाभागातल्या पेशंटांवर एक ओळ लिहीत नाही, असंही तुम्ही सुनावलंत. लेख लांबलाय, मान्य. बाकीचं बघू.

आधी 'रडगाणं'. समोर बसून हा शब्द वापरला असतात का? वयानं मोठे असाल म्हणून जपून बोलते. बेळगावातल्या वडगावच्या विणकराची मुलगी आहे मी. सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या सायकल फेरीत वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून गेलेली. आमच्याकडं ताप अंगावर काढून माग चालवायचे. तेव्हा रडायचं कधी आणि किती, ते मला शिकवू नका. आणि 'परदेशी' तर मुळीच म्हणू नका.

आता तुमचं फुकट. कार्डिफ वेल्समध्ये येतं, तिथं चिठ्ठीवरच्या औषधाला २००७ पासून पैसे पडत नाहीत. लीड्स इंग्लंडमध्ये. तिथं मी शेवटी होते तेव्हा चिठ्ठीवरच्या दर औषधाला ९.९० पौंड होते. थायरॉइडच्या गोळ्या रोज लागणाऱ्याला माफ, मधुमेहाची औषधं घेणाऱ्याला माफ. संधिवात त्या यादीत नाही. व्हिसा काढतानाच आरोग्य अधिभार भरायचा तो वेगळा: २०२४ च्या फेब्रुवारीपासून मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पौंड, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचे एकदम. नवऱ्याच्या पगारातून कर कापला जायचाच. अपंगत्वाचा सरकारी भत्ता आमच्या व्हिसावर मिळत नव्हता. याला तुम्ही फुकट म्हणत असाल, तर निपाणीच्या बाजारात भाव कसा करता देव जाणे.

आणि पैशाचं एवढं नव्हतंच हो. डॉक्टरांची फोन लाइन सकाळी आठला उघडायची आणि बघता बघता त्या दिवसाच्या वेळा संपायच्या. संधिवातात बोटं सगळ्यात ताठ असतात ती नेमकी सकाळी. डिसेंबरात आठला तिकडं अजून अंधार. अंगठा वळत नाही म्हणून मी बोटाच्या पेरानं परत परत तोच नंबर दाबतेय, आणि कानात रेकॉर्डवरची बाई सांगतेय की तुम्ही रांगेत आहात.

संधिवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. शिवाय ती यकृतावर आणि रक्तपेशींवर परिणाम करू शकते, म्हणून रक्ताचा रिपोर्ट बघितल्याशिवाय पुढच्या गोळ्या देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण उपचार ठरवणारा तज्ज्ञ हॉस्पिटलात, गोळ्या लिहून देणारा घराजवळचा डॉक्टर. ह्याचा कागद त्याच्याकडं पोचेपर्यंत गोळीचा वार उलटून जायचा. इथं बेळगावात, टिळकवाडीत सकाळी रक्त दिलं की संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर. भाकरी थापता आली नाही तर शहापुरात तयार मिळते, भांड्यांना बाई येते. तिकडं कणीक मळायची मीच, आणि कचऱ्याची चाकाची पेटी बर्फातून रस्त्यापर्यंत ओढायची तीही मीच.

राहिला तुमचा सीमाभागातल्या, महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ गावांचा मुद्दा. महाराष्ट्रानं तिथं मोफत उपचारांची महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, कर्नाटकानं हरकत घेतली आणि पेशंट मधल्या मध्ये लोंबकळतोय, असं तुम्ही म्हणता. असेल. तो विषय वेगळा, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्हीही लिहा की, कुणी अडवलंय?

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, राहू दे. भाच्याला मात्र एकदा विचारा, तो तिकडं आजारी आहे की धडधाकट.